चुनखडीच्या गावातलं पाण्याचं संग्रहालय: एका खोलीचं प्रकरण

वणी, झरी-जामणी, कोरपना, राजुरा, जिवती हा यवतमाळ-चंद्रपूरकडचा पट्टा बाहेरच्यांना सिमेंट, कोळसा आणि चुनाभट्ट्यांमुळे माहीत असतो. काळ्या मातीच्या आणि काही ठिकाणी बेसाल्टच्याही खाली इथं पैनगंगा समूहाची चुनखडी आहे. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ही चुनखडी त्याच्याही कितीतरी आधीची, प्रोटेरोझोइक काळातली. स्लोव्हेनियातल्या कार्स्ट पठारासारख्या मैलोन्‌मैल गुहा इथं नाहीत. पण बोअरवाल्याला विचारा. एका वावरात तीनशे फूट नुसती भुकटी उडते, आणि धुऱ्यापलीकडच्या बोअरमध्ये हातोडा एकदम दोन फूट खाली जातो, पोकळी लागते, पाणीच पाणी. चुनखडीत पाणी दगडभर सारखं पसरलेलं नसतं. ते भेगांतून आणि पाण्यानेच रुंद केलेल्या वाटांतून धावतं.

या प्रकरणातलं गाव याच पट्ट्यातलं आहे, नाव मुद्दाम दिलेलं नाही. गावाबाहेर नाल्याच्या वळणावर एक खळगा आहे. पावसाळ्यात नाल्याचं निम्मंअधिक पाणी तिथं गडप होतं. मेलेली ढोरं, फवारणीचे रिकामे डबे, लग्नातल्या पत्रावळी असं सगळं वर्षानुवर्षं तिथंच टाकलं जायचं, कारण तिथं टाकलेलं दिसेनासं होतं. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर तिथून उताराकडे आहे. मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी ती गढूळ व्हायची आणि जलसुरक्षकाने नेहमीच्या मापाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही ओटी टेस्टला, म्हणजे उरलेला क्लोरीन बघायच्या चाचणीला, पिवळा रंग येत नव्हता. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे मागे काही उरत नाही. पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेला क्लोरीन हवा, ते पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्येच दिलेलं आहे.

ग्रामपंचायतीकडे जुन्या शाळेची २० फूट बाय १६ फुटांची एक खोली पडून होती. तिथं ‘पाणी आणि जीवन’ असं छोटं संग्रहालय करायचं ठरलं.

गुहा का सोडली

पहिला आराखडा अपेक्षेप्रमाणे गुहेचा होता. प्लास्टर ऑफ पॅरिसचे लवणस्तंभ, निळे दिवे, पंख्याच्या वाऱ्याने हलणारी वटवाघळं. हा आराखडा सोडला ते बरंच झालं. एक तर प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम. त्याचा चुनखडीशी संबंध नाही आणि पावसाळ्यातल्या दमट खोलीत ते दोन वर्षांत भुसभुशीत होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. गुहा बघून माणूस ‘वा’ म्हणतो आणि घरी जातो. आपल्या नाल्यावरच्या खळग्याशी तिचं नातं त्याला लागत नाही. या गावाला दाखवायची होती ती पाण्याची वाट: वरून काय पडतं, कुठून जातं, किती वेळात कुठं निघतं आणि वाटेत गाळलं जातं की नाही.

खरा लवणस्तंभ आणून ठेवावा, अशीही एक सूचना होती. ती लगेच बाद केली. लवणस्तंभ वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतो, म्हणजे १० सेंटीमीटरला हजार वर्षं. तोडलेला तुकडा काचेत ठेवला की बघणाऱ्याला तोडण्याचा परवानाच मिळतो.

निवळीचा ग्लास

दारातून आत आल्यावर पहिल्या टेबलावर एक ग्लास आणि एक नळी असते. चुनखडी विरघळते कशी आणि पुन्हा साचते कशी, हे दोन्ही त्यात दिसतं. पानाच्या चुन्याची निवळी घ्यायची, तिच्यात नळीने फुंकायचं. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते, ती बनलेली बारीक चुनखडी. फुंकत राहिलं की ती पुन्हा स्वच्छ होते, कारण चुनखडी बायकार्बोनेट होऊन पाण्यात विरघळते. मग तेच पाणी उकळलं की पांढरा थर पुन्हा खाली बसतो. पावसाचं पाणी मातीतून मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, तो मातीच्या हवेत बाहेरच्यापेक्षा दहापट ते शंभरपट असतो. तेच काम इथं श्वास करतो.

शाळांमध्ये हा प्रयोग पहिल्या टप्प्यावरच अडतो. निवळी दुधाळ होते, पण कितीही फुंकलं तरी स्वच्छ होत नाही, आणि मास्तर ‘होते हो, वेळ लागतो’ म्हणून पुढे सरकतात. खरं कारण प्रमाणात आहे. संपृक्त निवळीत लिटरमागे दीड ग्रॅमहून थोडा जास्त चुना असतो. श्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण ४ टक्के, आणि तेवढ्यात इतकी चुनखडी विरघळूच शकत नाही. म्हणून निवळी दहापट पातळ करावी लागते. ५ ग्रॅम चुना १ लिटर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी वरची निवळी अलगद काढायची, आणि तिच्या एका भागात नऊ भाग आरओच्या कॅनचं पाणी घालायचं. विहिरीचं जड पाणी वापरलं की फुंकण्याआधीच ग्लास दुधाळ होतो, कारण निवळीतला चुना पाण्यातल्या बायकार्बोनेटशी लगेच भिडतो. एका ग्लासात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त घ्यायची नाही, नाहीतर पोरांचे गाल दुखतात. निवळी तोंडात किंवा डोळ्यांत जाऊ द्यायची नाही. नळीला वर एक टाचणीचं भोक पाडलं की चुकून ओढलं तरी पाणी वर चढत नाही.

शेजारी खदानीतल्या चुरीची १० ग्रॅमची पुडी असते. ४ टक्के व्हिनेगर ३०० मिलिलिटर घेतलं तर १० ग्रॅम शुद्ध चुनखडीला ते हिशेबाने बरोबर पुरतं. प्रत्यक्षात रात्रभर ठेवावं लागतं, आणि तळाशी तांबूस-करडा गाळ उरतोच. हा गाळ फेकून न देता वाळवून त्याच पुडीत ठेवलेला आहे. हजारो वर्षांत चुनखडी झिजून गेल्यावर वावरात जी माती मागे राहते, तिच्यात असाच न विरघळणारा भाग असतो. संडास धुवायचं ॲसिड झटकन फसफसतं म्हणून ते वापरायचा मोह होतो. मुलं हाताळतात त्या खोलीत त्याला जागा नाही.

दोन पेट्या

खोलीतलं मुख्य काम दोन पेट्यांचं. दोन्ही १० मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकच्या, ६० सेंटीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर उंच आणि १० सेंटीमीटर जाड. एकीत धुतलेली मध्यम रेती, खाली ५ सेंटीमीटर बारीक गिट्टी आणि त्यांच्यामध्ये नायलॉनची जाळी. दुसरीत खदानीतल्या चुनखडीच्या ३-४ सेंटीमीटर जाड फरशा थरांनी रचलेल्या, मध्ये ३ ते ८ मिलिमीटरच्या उभ्या भेगा, आणि एका भेगेतून तळापर्यंत १२ मिलिमीटरची पारदर्शक नळी. वर मातीचा थर, त्यात एक खळगा. दोन्हींना तळाशी नळ. भरलेली रेतीची पेटी ७० किलोच्या आसपास जाते आणि चुनखडीची त्याहून जड, तेव्हा शाळेच्या बाकावर ती ठेवता येत नाही, लोखंडी अँगलचा स्टँड लागतो. ॲक्रिलिक मध्यभागी फुगतं. आरपार दोन बोल्ट टाकले की फुगणं थांबतं.

दोन्ही पेट्यांत एकाच वेळी अर्धा-अर्धा लिटर पाणी ओततात. त्या पाण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: चमचाभर हळद आणि खाण्याचा निळा रंग. हळद विरघळत नाही, कणांच्या रूपात तरंगते, म्हणून ती गाळाची आणि जंतूंची जागा घेते. निळा रंग विरघळतो, म्हणून तो युरियातून आलेल्या नायट्रेटची किंवा फवारणीच्या औषधाची जागा घेतो. चुनखडीच्या पेटीतून दोन्ही दहा सेकंदांच्या आत नळातून बाहेर येतात, हिरवट गढूळ पाणी. रेतीच्या पेटीतून सहा-सात मिनिटांनी फिकट निळं पाणी येतं आणि हळद बहुतेक वरच्या दोन बोटांतच अडकून बसते.

इथंच बघणारा एक चुकीचा धडा घेऊ शकतो, की रेती सगळं गाळते. निळा रंग ठेवायचा तो याचसाठी. रेतीतूनही तो येतोच, फक्त उशिरा आणि पातळ होऊन. नदीकाठच्या रेतीतली विहीर म्हणजे आपोआप शुद्ध पाणी, हा समज या भागात घट्ट आहे. रंग बघितल्यावर लोक निदान प्रश्न तरी विचारतात.

रेतीच्या पेटीचा पहिला नमुना आडवा होता. पाणी एका टोकाला ओतून मीटरभर दूर दुसऱ्या टोकाला काढायचं. मध्यम रेतीतून एवढ्या कमी उतारावर ते जायला तासाहून जास्त लागतो, आणि बाजाराच्या दिवशी आलेला माणूस तासभर थांबत नाही. वाट उभी केल्यावर अंतर निम्मं झालं, उतार कितीतरी पट वाढला, आणि वेळ मिनिटांवर आला. रेती कोरडी पडू द्यायची नाही. आत हवा अडकली की प्रवाह मंदावतो आणि पुन्हा खालून पाणी भरून हवा काढावी लागते. म्हणून नळ बंद करून रेतीवर ५ सेंटीमीटर पाणी ठेवूनच खोलीला कुलूप लावतात.

चुनखडीच्या पेटीवरची माती हा वेगळाच त्रास. आधी गावचीच काळी माती घातली होती. पहिल्यांदा ओतलं, छान गेलं. दुसऱ्यांदा ती फुगली आणि भेगेचं तोंड बंद. दिवाळीच्या सुट्टीत वाळून तिला बोटभर भेगा पडल्या, तेव्हा पाणी खळगा सोडून भलतीकडूनच गेलं. प्रत्यक्ष वावरातही हेच घडतं. मे महिन्यात तडकलेल्या काळ्या मातीतून पहिल्या पावसाचं पाणी थेट खाली उतरतं, मातीत गाळलं जात नाही. पण रोजच्या दाखवण्याला ही माती उपयोगाची नव्हती. आता वर मुरूम आहे आणि खळग्याच्या तोंडाशी २० मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीचा तुकडा बसवला आहे. काळ्या मातीचा ट्रे वेगळा ठेवला आहे, उन्हाळ्यात वाळवून भेगा दाखवायला.

ड्रममधलं पाणी वर चढवायला कुलरची मोटर वापरली आहे. ती तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि बिघडली तर कोणीही बदलू शकतो. महागड्या मत्स्यटाकीच्या पंपापेक्षा हे बरं. जड पाण्याने तिच्या पंख्यावर पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा लिंबाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की साफ होते. ड्रममध्ये शेवाळ धरू नये म्हणून टीसीएल टाकायचं झालं तर ते शनिवारी संध्याकाळी टाकायचं, म्हणजे सोमवारपर्यंत त्याचा जोर ओसरतो. नाहीतर क्लोरीनने निळा रंगही उडतो आणि सोमवारी चुनखडीच्या पेटीतून स्वच्छ पाणी निघालं की सगळा धडा उलटा होतो.

हळद लाल का झाली

उद्घाटनाच्या आधीच्या चाचणीत चुनखडीच्या पेटीतून हिरवट पाण्याऐवजी काळपट-लाल पाणी आलं. निळ्या रंगाशिवाय नुसती हळद ओतली तेव्हा तर सरळ कुंकवाच्या रंगाचं. बघायला जमलेल्या बायांपैकी दोघींनी हात जोडले. बातमी पसरायला तेवढं पुरेसं होतं.

कारण मिस्त्रीच्या कामात होतं. फरशा हलू नयेत म्हणून त्याने सांधे सिमेंटने भरले होते. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू (पीएच) ११-१२ वर जातो. साधारण साडेआठच्या वर गेलं की हळद लाल होते, हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच नियमाने. नुसत्या चुनखडीवरून गेलेल्या पाण्याचा सामू ७ ते ८च्या आसपास राहतो, त्याने हळद लाल होत नाही. सिमेंट काढून सांधे सिलिकॉनने भरले, फरशा आठवडाभर रोज पाणी बदलून भिजवल्या, आणि रंग जागेवर आला. सिमेंटच ठेवायचं असेल तर निदान तीन आठवडे पाण्यात मुरवून वर इपॉक्सीचा हात द्यावा लागतो.

काढलेला सिमेंटचा तुकडा, हळदीचं पाणी आणि लाल झालेला कापूस आता एका बरणीशेजारी मांडून ठेवलेले आहेत. चमत्काराची बातमी ऐकून आलेल्यांना तिथंच आधी नेतात. अख्ख्या खोलीत या मांडणीपुढे लोक सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात, हे आराखडा करणाऱ्या कोणालाही सुचलं नसतं.

पाण्यातले जीव

दुसऱ्या भिंतीवर जीवन. जमिनीखालच्या पाण्यात राहून डोळे आणि रंग गमावलेला प्राणी म्हणून जगभर स्लोव्हेनियाचा प्रोटियस दाखवतात: २५-३० सेंटीमीटरचा फिकट गुलाबी उभयचर, कैक दशकं जगणारा. त्याचं एकच छोटं चित्र आहे. मोठी जागा दिली आहे ती शेजारच्या बस्तरला. गडचिरोलीला लागून असलेल्या त्या भागात, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यातल्या कोटुमसर गुहेत एक बारका लोच जातीचा मासा राहतो, ज्याचे डोळे आणि रंग कमी झालेले आहेत. त्याचेच भाईबंद बाहेरच्या उघड्या ओढ्यांत चांगल्या डोळ्यांनी फिरतात. या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याकडच्या माशांवरून केलं होतं. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या गुहेतल्या आंधळ्या माशाला २०२३ मध्ये निओलिसोकायलस प्नार हे नाव मिळालं.

गावच्या विहिरीत असं काही सापडेल म्हणून जिवंत प्रदर्शन ठेवायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलं. भिंगाखाली दाखवतात तो सायक्लॉप्स. बारीक नायलॉनच्या कापडातून दहा बादल्या पाणी गाळायचं, कापड कपभर पाण्यात झटकायचं, दहापट भिंगाने बघायचं: शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या, झटके देत पोहणं. उन्हाळ्यात कप तापला की तासाभरात सगळे मरतात, म्हणून दुपारच्या आत ते विहिरीत परत.

म्हाताऱ्या माणसांना हा किडा नावानिशी माहीत नसतो, त्याचं काम माहीत असतं. नारू. सायक्लॉप्सच्या पोटात नारूची अळी, पाण्यासोबत ती माणसाच्या पोटात, आणि वर्षभराने पायातून दोन-तीन फुटांचा किडा काडीवर गुंडाळत काढायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना पाय बुडत आणि चक्र चालू राहत असे. कापडाने पाणी गाळणं, विहिरींत औषध टाकणं आणि पायऱ्या बंद करणं या साध्या उपायांनी ते थांबलं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मधला, आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. गावातल्या बुजवलेल्या पायऱ्यांचा फोटो इथं आहे. त्याखाली काही लिहिलेलं नाही, कारण खोलीतले आजोबाच सांगतात.

खिडकीजवळ एच-टू-एस बाटल्यांचा रॅक. खुणेपर्यंत पाणी भरून खोलीच्या तापमानाला २४ ते ४८ तास ठेवायचं. काळी पडली तर पाण्यात विष्ठेचं प्रदूषण असण्याची शक्यता. हिवाळ्यात थंडीमुळे उशीर लागतो, तेव्हा ४८ तासांच्या आत निकाल ‘चांगला’ म्हणून लिहायचा नाही. वापरलेल्या बाटलीत जंतू वाढवलेले असतात, ती टीसीएलच्या पाण्याने मारूनच फेकायची.

फ्लोराइडचा फलक लहान ठेवला आहे, पण त्यावरचं वाक्य नेमकं आहे. चुनखडी म्हणजे फ्लोराइड, असं समीकरण नसतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन कमीच राहतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलेल्या खोल बोरिंगच्या पाण्यात धोका अधिक. मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. चवीवरून ते कळत नाही, तपासावंच लागतं. जडपणाची मर्यादा २०० आणि पर्याय नसल्यास ६००, तो मात्र डाळ शिजण्यावरून कळतो.

नकाशा

सगळ्यात जास्त वाद झाला तो नकाशावर. आधी खळग्यातून विहिरीकडे जाणारा ठळक लाल बाण काढला होता. खळगा ज्याच्या वावरात, तो माणूस दुसऱ्याच दिवशी पंचायतीत हजर: उद्या जमिनीला गिऱ्हाईक आलं तर? त्याचं म्हणणं चूक नव्हतं. शिवाय तो बाण सिद्धही झालेला नव्हता. खळगा वर आणि विहीर खाली, एवढ्यावरून वाट ठरत नाही. चुनखडीत पाणी वरच्या उताराला न जुमानता भलतीकडे निघतं. जर्मनीत १८७७ मध्ये डॅन्यूब नदीचं पाणी जिथं जमिनीत गडप होतं तिथं १० किलो फ्लुओरेसिन, म्हणजे पाण्यात हिरवा चमकणारा रंग, टाकलं, आणि ते साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्यात निघालं, म्हणजे वेगळ्याच नदीच्या, ऱ्हाइनच्या खोऱ्यात. ही गोष्ट आता नकाशाशेजारी लावली आहे.

रंग टाकून बघायची सूचना अर्थातच आली. पिण्याच्या विहिरीत हिरवं पाणी उतरलं तर गावात काय होईल, हे हळदीच्या प्रकरणावरून कळलंच होतं. मिठाचा विचार झाला. २५ किलोची गोणी हजार घनमीटर पाण्यात मिसळली तर विद्युतवाहकता फक्त ५० मायक्रोसीमेन्सच्या आसपास वाढते, आणि पावसाळ्यात ती आपसूकच त्याहून जास्त वरखाली होते. म्हणजे एवढं मीठ कमी, आणि जास्त टाकावं तर विहिरीचं पाणी खारट.

शेवटी काहीही न टाकता मोजायचं ठरलं. विद्युतवाहकता मोजणारं पेनसारखं ईसी मीटर, महिन्यातून एकदा १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर जुळवलेलं. रोज सकाळी त्याच वेळी, तितक्याच खोलवरून काढलेलं विहिरीचं पाणी, आणि शाळेच्या पर्जन्यमापकावरचा पाऊस. पावसानंतर दिवस-दोन दिवसांत वाहकता झपकन खाली आली आणि सोबत पाणी गढूळ झालं, तर ताजं पाणी वाटांमधून थेट येतंय. आठवडे लोटले तरी रेषा सरळच, तर पाणी मुरत, सावकाश येतंय. दोन तास उशिरा घेतलेलं किंवा मोटर चालू असताना घेतलेलं माप तुलनेत धरत नाहीत. वहीतल्या त्या रकान्यावर काट मारतात, खाडाखोड करत नाहीत.

लाल बाण पुसला आहे. त्या जागी खळग्याभोवती आणि विहिरीभोवती दोन वर्तुळं आहेत आणि मध्ये रिकामी जागा. वावरवाल्याने खळग्याकडेने गवताचा पट्टा राखायला आणि नाल्याच्या अंगाला तारेचं कुंपण घालू द्यायला होकार दिला, बदल्यात नकाशावर गट नंबर नको. मेलेल्या ढोरांसाठी पंचायतीने गावाच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून लांब, जाड मातीची जागा नेमून दिली. तिथं बंडीची वाट पावसाळ्यात चिखलाने बंद होते, आणि वाट बंद असली की ढोर पुन्हा नाल्याकडेच जातं. त्या वाटेवर मुरूम टाकायचं काम अजून बाकी आहे.